पॉप संगीताचं नवं मासिक: वाचकांना काय विचारायचं आणि त्या उत्तरांचं करायचं काय

पॉप संगीताचं मासिक काढायचं ठरवलेल्या बहुतेक मंडळींच्या डोक्यात पहिल्याच दिवशी दोन गोष्टी तयार असतात: नाव आणि मुखपृष्ठ. वाचक तिसऱ्या-चौथ्या दिवशी आठवतो. मग घाईघाईनं वीस प्रश्नांचा फॉर्म तयार होतो, मित्रमंडळींच्या ग्रुपवर पडतो आणि रात्रीपर्यंत चाळीस उत्तरं येतात. त्यांचे रंगीत गोल आलेख काढून फाइलला लावले की वाचकांची पाहणी झाली, असं सगळे धरून चालतात. नाव आणि मुखपृष्ठ मात्र पहिल्या दिवशी होतं तेच राहतं.

मीही हे केलंय. आमच्या पाहणीत 'मोठ्या मुलाखती वाचायला आवडतील का?' असा प्रश्न होता आणि जवळजवळ सगळ्यांनी हो म्हटलं होतं. आम्ही चार पानांची मुलाखत छापली. नंतर अंक चाळणाऱ्या काही मुलींच्या शेजारी बसून पाहिलं, तर ती चारही पानं एका झटक्यात उलटली जात होती. बोट थांबायचं ते मागच्या एका छोट्या चौकटीवर. गायिकेच्या बॅगेत काय काय असतं, एवढंच त्या चौकटीत होतं. मुली आमच्याशी खोटं बोलल्या नव्हत्या. आमचा प्रश्नच असा होता की त्याला 'नाही' म्हणणं कुणाच्याही जिवावर आलं असतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो: ज्या प्रश्नाच्या उत्तरानं अंकातलं एकही पान बदलणार नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या नियमावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: प्रश्न सुचायच्या आधी निर्णय लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर प्रश्न न लिहिता तुम्हाला घ्यायचे असलेले निर्णय लिहा. अंक मासिक की पाक्षिक? छापील की पडद्यावरचा, की दोन्ही? किती पानांचा? मधे पोस्टर असेल का? मुखपृष्ठावर एकच चेहरा की चार? गाण्यांची परीक्षणं किती आणि केवढी? भाषा मैत्रिणीशी बोलल्यासारखी की जाणकारानं समजावल्यासारखी? किंमत किती? जाहिराती कुणाकडून मिळतील?

प्रत्येक निर्णयापुढे आणखी एक ओळ हवी: कोणतं उत्तर आलं तर मी काय करेन. पोस्टरचंच घ्या. 'अर्ध्याहून जास्त जणांनी कुणा कलाकाराचं चित्र भिंतीवर, कपाटाच्या दारावर किंवा फोनच्या कव्हरमागे लावलेलं असेल, तर मधली दोन पानं पोस्टरला. पाचातल्या एकानंही लावलेलं नसेल, तर पोस्टर रद्द.' उत्तरं येण्याआधी हे लिहिलं की नंतर आकड्यांना आपल्या मनासारखं वळवता येत नाही. आणि ते वळवायचा मोह सगळ्यांना होतो.

ज्या निर्णयात तुमचं मन आधीच पक्कं झालंय त्याबद्दल विचारूच नका. नाव ठरलं असेल तर ठरलं. उगाच लोकांची मतं मागवून मग ती बाजूला ठेवण्यात कुणाचाच फायदा नाही.

दुसरी पायरी: आधीच्यांनी काय केलं ते बघा

ही पायरी नवखे लोक हमखास वगळतात. खरं तर सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त इथंच शिकायला मिळतं.

पॉप संगीत आणि वाचकांची पाहणी यांचं नातं जुनं आहे. ब्रिटनमध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकानं १४ नोव्हेंबर १९५२ रोजी खपणाऱ्या गाण्यांची पहिली यादी छापली. ती यादी झाली कशी, तर साप्ताहिकातल्या एका माणसानं रेकॉर्ड विकणाऱ्या सुमारे वीस दुकानांना फोन लावले आणि काय खपतंय ते विचारलं. लोकांनी 'काय आवडतं' म्हणून सांगितलं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, गल्ल्यावर काय गेलं ते त्यानं टिपलं. पुढं पॉपच्या क्रमवारीचा जो सगळा डोलारा उभा राहिला, त्याची ब्रिटनमधली सुरुवात अशी साधी होती.

त्याच देशात १९७८ मध्ये 'स्मॅश हिट्स' निघालं. त्याची मोठी ताकद होती गाण्यांचे शब्द. रेडिओवर गाणं ऐकलं, पण ओळ नीट कळली नाही, ही त्या वेळच्या प्रत्येक पॉप ऐकणाऱ्या मुलाची अडचण. मासिकानं ती अडचण सोडवली. २००६ मध्ये ते बंद पडलं. तोवर गाण्याचे शब्द कुणालाही पडद्यावर फुकट मिळायला लागले होते. जर्मनीतल्या १९५६ पासूनच्या 'ब्रावो'नं वेगळी युक्ती काढली: माणसाच्या उंचीचं पोस्टर तुकड्या-तुकड्यांनी छापायचं, प्रत्येक अंकात एक तुकडा. आवडत्या ताऱ्याचे पाय मिळालेत आणि डोकं पुढच्या कुठल्या तरी अंकात आहे म्हटल्यावर वाचक पुढचा अंक सोडेल कसा?

तिसरं उदाहरण मला सगळ्यात शिकवणारं वाटतं. 'स्मॅश हिट्स'मध्ये संपादक राहिलेल्या मार्क एलन आणि डेव्हिड हेपवर्थ या दोघांनी १९८६ मध्ये 'क्यू' सुरू केलं. शाळकरी वयात पॉपवर वाढलेली पिढी आता कमावती झाली होती, सीडी विकत घेत होती आणि तिच्या वयाचं मासिक तिला मिळत नव्हतं. संगीत बरंचसं ओळखीचंच होतं, बदललं होतं ते वाचकाचं वय आणि त्याचा खिसा. 'क्यू' २०२० पर्यंत चाललं. नावाचीही एक गंमत आहे. मूळ नाव रेकॉर्डवर सुई टेकवण्याच्या क्रियेवरून सुचलेलं, त्याच उच्चाराचं पण पूर्ण स्पेलिंगाचं, 'Cue' असं होतं. पण स्नूकरच्या काठीलाही तोच शब्द. दुकानदार ते खेळाच्या मासिकांत ठेवतील म्हणून एकच अक्षर उरलं. नाव पक्कं करायच्या आधी ते चार अनोळखी लोकांना नुसतं ऐकवा आणि 'हे कशाचं मासिक असेल?' एवढंच विचारा.

आता तुमचं काम. सध्या चालू असलेली तीन-चार संगीतविषयक मासिकं घ्या, प्रत्येकाचे दोन अंक. पट्टी आणि वही घेऊन बसा आणि पानं मोजा: किती पानं जाहिरातींची, किती मुलाखतींची, किती फोटोंची, किती परीक्षणांची. मुखपृष्ठावर कोणाचं नाव किती मोठ्या अक्षरात आहे. जाहिराती कशाच्या आहेत, हे तर नक्की बघा. वाचक कोण असेल याचा अंदाज जाहिरातदारानं स्वतःचे पैसे घालून केलेला असतो. पौगंडावस्थेतल्या त्वचेच्या क्रीमच्या जाहिराती एका मासिकात, तर महागड्या हेडफोनच्या दुसऱ्यात. दोन्हींत एकाच गायकाचा फोटो असला, तरी वाचक दोन वेगळे आहेत.

तिसरी पायरी: विचारायचं कुणाला

१९३६ मध्ये अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं अध्यक्षीय निवडणुकीचा कौल घेतला. तब्बल एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या. निष्कर्ष: लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट दणक्यात निवडून आले, लँडनना मिळाली फक्त दोन राज्यं. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटारगाड्यांच्या नोंदींमधून. मंदीच्या काळात फोन आणि गाडी असलेली माणसं म्हणजे देश नव्हे. शिवाय परत पाठवायची तसदी घेणारे कोण, तर ज्यांना सरकारवर राग होता असे बरेच. दोन वर्षांनी ते साप्ताहिकही राहिलं नाही.

तुमचा मित्रांचा ग्रुप ही तुमची टेलिफोन डिरेक्टरी आहे.

पॉपच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. फॉर्मची लिंक एखाद्या कलाकाराच्या चाहत्यांच्या गटात गेली की रातोरात दोनशे उत्तरं येतात, सगळी एकाच दिशेची. चाहते संघटित असतात, मतदानाची त्यांना सवय असते आणि आपल्या माणसाला पुढे आणायला ते टपलेलेच असतात. दोनशे उत्तरं बघून तुम्ही हुरळून जाल. त्यातून कळतं एवढंच की त्या गटात लिंक पोचली. म्हणून प्रत्येक ठिकाणासाठी वेगळी लिंक करा किंवा 'हा फॉर्म तुम्हाला कुठून मिळाला?' हा प्रश्न घाला, म्हणजे नंतर गठ्ठे वेगळे करता येतील.

नमुना, म्हणजे ज्यांना विचारायचं ती माणसं, निवडायची एक साधी रीत आहे. आधी ठरवा की तुमचा वाचक साधारण कोणत्या वयाचा. समजा १४ ते १८. मग कोष्टक आखा: १४-१५ आणि १६-१८ असे दोन वयोगट, मुलगे आणि मुली, तसंच पॉप रोज ऐकणारे आणि कधीमधी ऐकणारे. आठ घरं झाली. प्रत्येक घरात आठ-दहा माणसं मिळेपर्यंत थांबायचं नाही. एखादं घर भरत असेल आणि दुसरं रिकामं राहत असेल, तर भरलेल्या घरातल्यांना विचारणं थांबवा आणि रिकाम्या घराच्या मागे लागा. कधीमधी ऐकणारे शोधायला कष्ट पडतात, कारण त्यांना तुमच्या मासिकात रस नसतो. पण अंक चालला तर वाढ होणार ती त्यांच्यातूनच.

अठरा वर्षांखालच्यांशी बोलताना पालकांची किंवा शाळेची परवानगी घ्या. नाव, फोन नंबर, शाळेचं नाव मागू नका, तुमच्या कामाला ते लागतही नाही.

चौथी पायरी: प्रश्नावली

इथं जरा जास्त वेळ थांबू, कारण सगळा माल इथंच बिघडतो.

मत विचारू नका, झालेली गोष्ट विचारा. 'तुम्हाला कोणतं संगीत आवडतं?' या प्रश्नाला माणूस स्वतःबद्दल जे चित्र मनात असतं ते उत्तर देतो. पॉपच्या बाबतीत तर लाजही आड येते. सोळा वर्षांचा मुलगा दिवसभर ज्या मुलींच्या बँडची गाणी ऐकतो, त्याचं नाव फॉर्मवर लिहीलच असं नाही. लिहील एखाद्या गंभीर रॉक बँडचं. त्याऐवजी असं विचारा: 'फोनमधलं गाण्यांचं ॲप उघडा. नुकत्याच ऐकलेल्या गाण्यांच्या यादीतली पहिली पाच नावं जशीच्या तशी लिहा.' यादी खोटं बोलत नाही. हा एक प्रश्न आवडीनिवडीच्या दहा प्रश्नांना भारी पडतो.

तसंच वाचनाचं. 'तुम्ही मासिकं वाचता का?' हे सोडा. 'गेल्या ३० दिवसांत छापील मासिक हातात घेतलं होतं का? कोणतं? ते कुणी विकत घेतलं होतं? त्यातलं काय आठवतंय?' हे विचारा. शेवटचा भाग उघडा ठेवा, पर्याय देऊ नका. माणसाला जे आठवतं तेच पान यशस्वी झालेलं असतं. अंक कुणी विकत घेतला, याचं उत्तर 'ताईनं' किंवा 'दवाखान्यात पडलं होतं' असं येऊ शकतं आणि तेही कामाचं आहे. खप आणि वाचकसंख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक प्रत चार हातांत फिरत असेल, तर जाहिरातदाराला सांगायचा आकडा वेगळा, छपाईवाल्याला सांगायचा वेगळा.

एका प्रश्नात दोन प्रश्न कोंबू नका. 'मुलाखती आणि फोटो आवडतात का?' याला आलेलं 'हो' कशासाठी आहे? आणि उत्तर सुचवणारे प्रश्न टाळा. 'कंटाळवाण्या परीक्षणांपेक्षा गमतीदार सदरं बरी नाहीत का?' हे वाचून हसू येतं, पण थोड्या गुळगुळीत भाषेत असेच प्रश्न सर्रास लिहिले जातात.

निवड करायला लावा. सगळं आवडतं असं सांगणं फुकट असतं. अंकाची पानं मात्र फुकट नसतात. म्हणून मी एक खेळ वापरतो: 'तुमच्याकडे दहा पानं आहेत. खालच्या आठ गोष्टींत ती वाटा.' मग यादी: मुलाखत, पोस्टर, नव्या गाण्यांची परीक्षणं, फॅशन, प्रश्नमंजुषा, मैफलींचे वृत्तांत, गाणं कसं तयार झालं, वाचकांची पत्रं. इथं लोक डोकं खाजवतात, खोडतात, परत लिहितात. आमच्या वेळी 'मुलाखती आवडतील का?' ऐवजी हे विचारलं असतं, तर चार पानांची ती मुलाखत दोन पानांची झाली असती.

लोक मासिकाकडून नक्की काय घेतात, यावर माध्यमांच्या अभ्यासकांनी बराच विचार केलाय. १९७२ मध्ये मॅक्वेल, ब्लमलर आणि ब्राउन या तिघांनी माध्यमांच्या वापरामागची कारणं चार गटांत मांडली: रोजच्या कटकटींतून सुटका, माणसांशी नातं, स्वतःची ओळख आणि आजूबाजूची खबरबात. पॉपच्या मासिकाला हे चपखल बसतं. पोस्टर बघत बसणं ही सुटका. मैत्रिणीशी बोलायला विषय मिळणं हे नातं. ताऱ्यासारखी केशरचना करून बघणं ही ओळख. पुढचा अल्बम कधी येणार, ही खबरबात. तुमच्या प्रश्नावलीत या चारही गटांना हात लावणारा निदान एकेक प्रश्न आहे का, ते तपासा. नवखे लोक खबरबातीवर दहा प्रश्न विचारतात आणि बाकीच्यांना विसरतात. आज बातमी देण्यात मासिक फोनच्या जवळपासही पोचू शकत नाही, त्यामुळे उरलेले तीन गटच तुमचे.

किमतीचा प्रश्न सगळ्यात अवघड. 'किती पैसे द्याल?' असं थेट विचारलं की लोक घासाघीस करतात. पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थतज्ज्ञानं १९७६ मध्ये चार प्रश्नांची एक पद्धत मांडली, ती छोट्या पाहणीतही चालते. किती किंमत असेल तर हा अंक तुम्ही घेणारच नाही? किती असेल तर महाग वाटेल, पण तरी विचार कराल? किती असेल तर स्वस्तात मिळाला असं वाटेल? आणि किती कमी असेल तर यात काही दम नसणार अशी शंका येईल? चारही उत्तरांच्या रेषा एकाच आलेखावर काढल्या की कुठल्या पट्ट्यात किंमत ठेवायची ते दिसतं. फक्त हे विचारताना हातात काहीतरी द्या, निदान मुखपृष्ठ आणि चार नमुना पानं. हवेतल्या मासिकाची किंमतही हवेतलीच येते.

एकूण प्रश्न बारा-तेरा. त्याहून जास्त झाले की शेवटचे प्रश्न लोक डोळे झाकून भरतात. वय वगैरे माहिती शेवटी विचारा. आणि सगळ्यांना पाठवण्याआधी पाच जणांसमोर बसून फॉर्म भरून घ्या. कुठे थांबतात, कुठे 'म्हणजे काय?' विचारतात, ते टिपा. ते पाच फॉर्म फेकून द्या, प्रश्न दुरुस्त करा, मगच पुढे जा.

पाचवी पायरी: पाच-सहा जणांना एकत्र बसवा

फॉर्म 'किती' सांगतो, 'का' सांगत नाही. त्यासाठी पाच-सहा जणांच्या दोन-तीन बैठका घ्या, तासाभराच्या. एकमेकांचे जिवलग मित्र एकाच बैठकीत नकोत, नाहीतर एक बोलतो आणि बाकीचे मान डोलावतात. वयोगटही मिसळू नका. सतरा वर्षांच्या मुलीसमोर तेरा वर्षांची मुलगी आपल्याला पोस्टर आवडतं हे कबूल करत नाही.

तुम्ही कमी बोला. मासिक तुमचं आहे, हे शक्यतो सांगूच नका. ते कळलं की समोरची माणसं सभ्य होतात आणि सभ्य माणसांकडून काहीही शिकायला मिळत नाही. टेबलावर जुने अंक, कात्री आणि मोठा कागद ठेवा. 'तुमच्या मनातला अंक कापून चिकटवा' म्हणा आणि बघत बसा. कात्री चालवताना होणाऱ्या गप्पा थेट प्रश्नांपेक्षा खऱ्या असतात. परवानगी घेऊन आवाज नोंदवा आणि नंतर लोकांनी वापरलेले शब्द जसेच्या तसे उतरवा. मुखपृष्ठावरच्या ओळी तुम्ही त्याच शब्दांतून घडवणार आहात.

सहावी पायरी: आकडे वाचताना

समजा चाळीस उत्तरं आली. बावीस जणांना पाक्षिक हवंय, अठरा जणांना मासिक. पाक्षिक जिंकलं? नाही. नमुना अगदी नीट, कुणालाही झुकतं माप न देता निवडलेला असला, तरी चाळीस उत्तरांवर साधारण १६ टक्क्यांचा फरक इकडे किंवा तिकडे पडू शकतो. शंभर उत्तरांवर तो १० टक्के आणि चारशेंवर ५ टक्के असतो. एकला उत्तरांच्या संख्येच्या वर्गमुळानं भागलं की हा अंदाज निघतो. म्हणून छोट्या पाहणीत फक्त ढळढळीत फरकांवर विश्वास ठेवा: तीस विरुद्ध दहा असा. बाकी ठिकाणी 'अजून कळलं नाही' असं लिहा आणि निर्णय दुसऱ्या कारणावर घ्या, उदाहरणार्थ पाक्षिक काढायला तुमच्याकडे माणसं आहेत का.

सरासरीपासून जपा. साठ जणांना पोस्टर किती महत्त्वाचं वाटतं ते दहापैकी गुणांत विचारलं आणि सरासरी साडेपाच आली, तर वाटेल की पोस्टर असलं तर बरं, नसलं तरी चालेल. गठ्ठे वेगळे करून बघा. कदाचित लहान वयोगटानं नऊ-नऊ गुण दिलेत आणि मोठ्यांनी दोन-दोन. साडेपाच देणारा वाचक अस्तित्वातच नाही. इथं तुम्हाला एका गटाला सोडावं लागतं. दोघांनाही थोडं थोडं द्यायला गेलात तर दोघांनाही तो अंक दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो. माझ्या मते पाहणीचं सगळ्यात मोठं फळ हेच: कुणाला सोडायचं ते कळतं. नवख्या संपादकाला तेच सगळ्यात जड जातं.

सातवी पायरी: वाचकाचं एक पान

आता एका माणसाचं वर्णन लिहा, एक पान पुरे. वय, सकाळ कशी जाते, गाणी कधी ऐकते, कुणाशी बोलते, अंक कुठून मिळवते, पैसे कोण देतं, वाचून झाल्यावर अंकाचं काय होतं. अट एकच: प्रत्येक वाक्यापुढे कंसात तो तपशील कोणत्या उत्तरातून आला त्या फॉर्मचा क्रमांक. क्रमांक लिहिता आला नाही तर वाक्य खोडा. ही अट नसेल तर संपादक सगळं विसरून स्वतःचंच सोळाव्या वर्षीचं वर्णन लिहितो. मी लिहिलं होतं.

आठवी पायरी: पानांचा आराखडा

मधोमध पिना मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत येतात: ३२, ३६, ४०. समजा मुखपृष्ठ धरून ३६ पानं. कागदावर ३६ चौकोन काढा आणि वर घेतलेल्या पहिल्या पायरीचा कागद शेजारी ठेवा.

दहा पानं वाटायच्या खेळातलं प्रमाण इथं लावा. जाहिराती वगळून तुमच्याकडे समजा २६ पानं उरली आणि लोकांनी सरासरी दहातली दोन मुलाखतींना दिली, तर पाच पानं मुलाखतींची. ती एकाच मुलाखतीला द्यायची की तीन छोट्यांना, ते बैठकींतल्या गप्पांवरून ठरवा. पोस्टर असेल तर ते १८-१९ या मधल्या पानांवर, कारण तिथंच कागद अखंड असतो. मग त्याच्या पाठीवर येणारी १७ आणि २० ही पानं विसरू नका. पोस्टर फाडलं की तीही जातात. तिथं मुलाखतीचा शेवट छापला तर वाचक वैतागेल. तिथं दुसऱ्या ताऱ्याचं पोस्टर छापलं तर आणखी वैतागेल, कारण भिंतीवर एकच बाजू दिसते. बैठकीत हे विचाराल तर लहान बहिणीशी झालेल्या भांडणांच्या कथा ऐकायला मिळतील.

मुखपृष्ठावर कोण, हे फॉर्ममधल्या पाच-पाच गाण्यांच्या याद्यांवरून ठरतं. सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव घ्याच असं नाही. दोन्ही वयोगटांच्या याद्यांत दिसणारं नाव जास्त कामाचं. मुखपृष्ठावरच्या ओळी मात्र वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळ्या ठेवा.

नववी पायरी: डमी घेऊन पुन्हा लोकांकडे

आराखड्यावरून निदान बारा-सोळा पानांची डमी, म्हणजे कच्चा नमुना अंक, करा, घरच्या प्रिंटरवर काढलेली चालेल. बाकीच्या पानांवर नुसता मथळा आणि फोटोची जागा. ती घेऊन नव्या लोकांकडे जा. आधीच्या बैठकीतले नकोत, त्यांना आता तुमच्याबद्दल आपुलकी वाटायला लागलेली असते.

रॉबर्ट मर्टन आणि पॉल लाझर्सफेल्ड या अभ्यासकांनी १९४१ मध्ये रेडिओच्या श्रोत्यांसोबत एक रीत वापरली होती. कार्यक्रम ऐकताना आवडलं की हिरवं बटण, नावडलं की लाल. नंतर त्या त्या क्षणाबद्दल श्रोत्यांशी बोलायचं. गटचर्चेची पद्धत पुढे यातूनच वाढली. कागदावर हे आणखी सोपं आहे. हिरव्या आणि लाल टिकल्यांची एकेक पट्टी द्या आणि सांगा: जिथं थांबलात तिथं हिरवी, जिथं कंटाळा आला तिथं लाल. पंधरा मिनिटं काहीही बोलू नका. हात बघा. कुठलं पान परत उघडलं जातं, कुठलं शेजारच्याला दाखवलं जातं, कुठल्या पानाचा फोटो फोनमध्ये घेतला जातो, याची नोंद ठेवा.

दहा-बारा जणांच्या डम्या गोळा झाल्या की एकावर एक ठेवून पान-पान मोजा. लाल टिकल्यांची फारशी काळजी करू नका. तिथं वाचकानं निदान काहीतरी वाचून नाक मुरडलेलं असतं, आणि बऱ्याचदा मथळा बदलून किंवा मजकूर निम्मा करून पान सुधारतं. कुणीच कुठली टिकली न लावलेली पानं मात्र वेगळी काढा. त्यांचे क्रमांक पहिल्या पायरीच्या कागदावर, ज्या निर्णयामुळे ते पान आलं त्याच्या पुढे लिहा. छपाईला जाण्याआधी त्यातलं प्रत्येक पान एकतर बदला किंवा काढून टाका. पानं चारच्या पटीत राहिली नाहीत, तर उरलेली जागा कशाला द्यायची ते हिरव्या टिकल्यांच्या गठ्ठ्यात बघा.